डावा पट्टा कोणी बसवला याबाबत

मी, खाली सही करणारा, वय पूर्ण त्र्याहत्तर, धंद्याने टर्नर, आता निवृत्त, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, माझ्या हाताने, पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण रागात लिहून ठेवत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोड बोललेले नाही. गोड बोलणारे केव्हाच यायचे बंद झाले. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला आहे. "रक्तदाब वाढलाय, डोकं मात्र ठिकाणावर आहे," असे ते म्हणाले. दाखल्यात त्यांनी दुसरा भाग तेवढा लिहिला. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे माझा भाऊ सांगेल. त्यावर विश्वास ठेवू नये.

कलम १. राहते घर, आतील सर्व सामान आणि बँकेतली ठेव माझ्या एकुलत्या एक लेकीला द्यावी. तिला कोणतीही अट नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती दर रविवारी येते, माझ्या गोळ्यांची डबी भरते आणि उभ्या उभ्या निघून जाते. ती का बसत नाही हे मला ठाऊक आहे. त्याचे उत्तर कलम ६ मध्ये आहे.

कलम २. माझ्या धाकट्या भावाला गॅलरीतले तीन पायांचे स्टूल द्यावे. त्याने ते मागून नेले तेव्हा त्याला चार पाय होते. माझी बायको गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी हा माझ्या कपाटासमोर उभा राहून म्हणाला, "दादा, आता तरी ही खेळणी टाकून दे की." प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून केलेले एकोणतीस छोटे रणगाडे आहेत त्या कपाटात, प्रत्येकाला चाकांभोवती हाताने जोडलेले दोन पट्टे. याने आयुष्यात पायजम्याची नाडी स्वतः ओवलेली नाही. स्टुलावर बसताना त्याने जपून बसावे.

कलम ३. कारखान्यातला माझा सुपरवायझर हयात असल्यास त्याला टपालाने अपघाताच्या अहवालाची प्रत पाठवावी. ती निळ्या फायलीत आहे. प्रेस मशीनची संरक्षक जाळी तुटली आहे हे मी त्याला तीनदा सांगितले होते. चौथ्या दिवशी माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे गेली. अहवालात त्याने लिहिले, "कामगाराचा हलगर्जीपणा." चोर सोडून संन्याशाला फाशी. त्या दोन शब्दांनी मी चाळीस वर्षे जळतो आहे. हे कलम पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून लिहिले. नाहीतर त्या माणसावर शाई वाया घालवली नसती.

कलम ४. माझी हत्यारे लेकीला द्यावीत: कानशी, चिमटे, रंगाचा फवारा, ब्रश. आता खरे काम कोणाचे होते ते नोंदवतो. रणगाड्याच्या एका बाजूच्या पट्ट्याला शहाऐंशी कड्या. प्रत्येक कडी प्लॅस्टिकच्या चौकटीतून कापायची, तिला उरलेला कोंब घासायचा आणि टाचणीच्या टोकाएवढा गोंद लावून पुढच्या कडीत बसवायची. दोन पेरे गेलेल्या हाताने ते होत नाही. ते सगळे माझ्या बायकोने केले, जेवणाच्या टेबलावर, एकोणतीस रणगाड्यांसाठी. मी फक्त रंग देत असे. आधी काळा, त्यावर गंजाचा तपकिरी, मग चहाच्या गाळणीतून गाळलेली माती पातळ करून कड्यांच्या सांध्यांत सोडायची, आणि शेवटी जमिनीला घासणाऱ्या कडांवर पेन्सिलीचे शिसे चोळायचे, म्हणजे लोखंड झिजून चकाकल्यासारखे दिसते. गाळणीवरून आमची भांडणे होत. "अहो, चहाला मातीचा वास येतोय," ती म्हणायची. मी म्हणायचो, "रणगाड्याला चहाचा येतो, तो बोलतो का काही?"

बक्षिसे मात्र मला मिळाली. मॉडेल बनवणाऱ्यांच्या क्लबातले सगळे मला 'फोरमन' म्हणत, आणि प्रदर्शनातल्या पाटीवर एकट्या फोरमनचे नाव असे. एकोणीस वर्षांत तिचे नाव क्लबात एकदाच निघाले. ते कसे, ते पुढच्या कलमात.

कलम ५. पट्ट्याला दिशा असते. या रणगाड्यांच्या प्रत्येक कडीवर बाणासारखा उंचवटा आहे. वरच्या अंगाला त्याचे टोक पुढे हवे. जोडलेला पट्टा नुसता हातात धरला तर उलटसुलट पटकन कळत नाही. म्हणून बायको पुढच्या टोकाच्या कडीला लाल दोरा बांधून पट्टा माझ्या हाती देत असे. अकरा वर्षांपूर्वीच्या प्रदर्शनात मी अठ्ठाविसावा रणगाडा ठेवला. परीक्षक होता चष्म्याच्या दुकानाचा मालक, क्लबचा अध्यक्ष. त्याने भिंग लावले, खाली वाकला, आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असे ओरडला, "अहो फोरमन, डावा पट्टा उलटा बसवलाय तुम्ही! निम्मा रणगाडा लढाईला निघालाय आणि निम्मा घरी!"

लोक हसले. चष्मेवाला सर्वांत जास्त हसला. चूक दाखवणे परीक्षकाचे काम. पण ती कानात सांगता येते. तो मुद्दाम ओरडला, कारण आदल्या वर्षी त्याचे विमान बक्षिसांच्या क्रमांकात माझ्या रणगाड्याच्या खाली आले होते. त्याला मी माफ केलेले नाही आणि मेल्यावरही करणार नाही.

पण त्या हसण्यात मी काय बोललो तेही इथे लिहिले पाहिजे. मी म्हणालो, "पट्टे बायको करते." ती माझ्या मागे उभी होती. लेक तिच्या शेजारी होती.

कलम ६. बायकोने पट्टा बरोबर जोडला होता. दोन्ही दोरे जागच्या जागी होते. दोऱ्याला रंग चिकटतो आणि त्याचे तंतू पट्ट्यावर बसतात, म्हणून फवारा मारण्याआधी मी ते कापले. टोकाला दुसरी खूण करायला हवी होती, ती केली नाही. पट्टे चाकांवर मी चढवले. चूक माझ्या हातून झाली.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने एवढेच विचारले, "अहो, दोरा होता ना?" मी म्हणालो, "नव्हता." दुसऱ्या दिवशी टेबल आवरताना कचऱ्याच्या डबीत मला दोन लाल दोरे सापडले. मी ते खिशात घातले. तिने पुन्हा विचारले नाही, आणि पुन्हा एकही कडी हातात घेतली नाही. एकोणतिसाव्याचे पट्टे तिने त्याआधीच जोडून ठेवले होते. ते मी एकट्याने रंगवले. ती सात वर्षे त्याच टेबलावर माझ्यासमोर बसून जेवली. चार वर्षांपूर्वी ती गेली. सात वर्षांत मला एक वाक्य बोलता आले नाही. सुपरवायझरने माझ्यावर जे लिहिले तेच मी तिच्यावर बोललो. त्याला निदान नोकरी वाचवायची होती.

लेकीने आई गेल्यावर विचारले होते, "बाबा, तो पट्टा बसवला कोणी?" मी तिला म्हणालो, "तुला त्यातलं काय कळतं?" बाळ, तुला सगळे कळत होते. मी बसवला.

कलम ७. कपाट, एकोणतीस रणगाडे आणि बक्षिसे क्लबला द्यावीत, पण या अटींवर: प्रत्येक रणगाड्याखाली माझ्या बायकोच्या पूर्ण नावाची पाटी हवी, आणि पाटीवर तिचे नाव माझ्या नावाच्या वर हवे. अठ्ठाविसाव्याचा डावा पट्टा मी आजवर सुलटा केलेला नाही, त्याखाली लिहावे, "जोडला तिने, उलटा बसवला याने." तसेच बक्षीस समारंभात चष्मेवाल्याने कलम ५ व ६ उभे राहून मोठ्याने वाचावे, एकही ओळ न गाळता. स्वतःच्या हसण्याचा भागही वाचावा. आवाज हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जातो का, ते लेकीने तिथे बसून पाहावे. त्याने नकार दिल्यास सर्व बक्षिसे भंगारवाल्याला द्यावीत आणि रणगाडे लेकीने ठेवावेत.

कलम ८. टेबलाच्या खणात बिस्किटांचा चौकोनी डबा आहे. त्यात तिसाव्या रणगाड्याचा अर्धवट पट्टा आहे, एक्केचाळीस कड्या. त्या प्रदर्शनाच्या आठवड्यात तिने तो जोडायला घेतला होता. पहिल्या कडीला लाल दोरा आहे. हा डबा लेकीचा. पुढच्या कड्या जोडायच्या असतील तर जोडाव्यात, नसतील तर डबा तसाच ठेवावा. रंग द्यावासा वाटला तर खुशाल द्यावा. दोरा मात्र कापू नये. रंग लागला तर लागू दे.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे.

लिहून देणार: (सही) निवृत्त टर्नर
स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: चौदा नोव्हेंबर

आमच्यादेखत सही केली:
साक्षीदार १. (सही) डॉक्टर
साक्षीदार २. (सही) शेजारी, निवृत्त पोस्टमन

खाडाखोडीची नोंद: कलम ६ मध्ये आधी "चूक आमच्या हातून झाली" असे लिहिले होते. "आमच्या" हा शब्द खोडून "माझ्या" केला आहे. खाडाखोडीपुढे माझी सही आहे.