अप्पांच्या हातची काडतुसं

प्रिय अण्णा,

‘प्रिय’ सवयीनं लिहिलंय, फार मनावर घेऊ नकोस. रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी अव्वाला जेवायला वाढत होते, म्हणून नुसतं हूं हूं करत राहिले. तुला दोन गोष्टी हव्यात. अप्पांची जुनी मॅग्नम रायफल तुझ्या नावावर व्हावी म्हणून माझी ना हरकतीची सही, आणि अप्पा घरी काडतुसं कशी भरायचे ती पद्धत. ते गेल्यावर तू पुण्यात स्वतः भरायला लागलास आणि दिवाळीनंतरच्या स्पर्धेत तुझ्या गोळ्या ताटाएवढ्या जागेत विखुरल्या. आधी त्याच तळहाताखाली मावायच्या. “महे, अप्पांचा हात गेला गं,” म्हणालास आणि रडलास. मी फोन ठेवला आणि मला हसू आलं. अव्वानं विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं.

पद्धत ऐक. वापरलेल्या पितळी केस, म्हणजे रिकाम्या पुंगळ्या, धुवून, वजन करून वेगळ्या लावायच्या. हलक्या-जड एकत्र भरल्या की प्रत्येक गोळी आपल्या मर्जीची. मग बंदुकीची दारू तोलायची. पंखा बंद, खिडक्या बंद, कारण जराशा वाऱ्यानं काट्याचं पारडं हलतं. सोलापूरचा एप्रिल आणि पंखा बंद, कर विचार! घामाचा थेंब केसमध्ये पडू नये म्हणून कपाळाला पंचा बांधायचा. गोळी बसवताना काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा हळू ओढायचा, अर्ध्यात थांबून केस जरा फिरवायची, मग पुन्हा ओढायचा, म्हणजे गोळी सरळ बसते. आणि सगळ्या गोळ्या एकसारख्या खोल बसायला हव्यात, एक जरी वर राहिली तरी बाजूला काढायची. झालं. यात कसला मंत्र नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत पोरांना मी याच शिस्तीनं मीठ तोलायला शिकवते.

आता तू मला सांग, हे सगळं अप्पा कुठल्या हातांनी करायचे? तू बारावीला होतास तेव्हा त्यांना कंपवात जडला. चहाचा कप तोंडापर्यंत जाईस्तोवर निम्मा चहा बशीत यायचा. अव्वा त्यांच्या सदऱ्याची बटणं लावून द्यायची आणि तू समोर बसून पोहे खायचास. त्या हातांनी पारड्यात दारूचे कण मोजून टाकले असं तुला खरंच वाटलं? वाटलं नाही रे. वाटून घेतलंस. तेच सगळ्यांना सोयीचं होतं की.

मला शिकवलं मात्र त्यांनीच, ते मी नाकारणार नाही. सैन्यात आयुष्यभर बंदुकांचीच दुरुस्ती केलेला माणूस. खुर्चीत बसून नुसत्या प्रेसच्या आवाजावरून म्हणायचे, “ही वाकडी बसली बघ, काढ.” काढून बघितली की वाकडीच असायची. पण दार लावून घ्यायचे आणि दर वेळी एकच बजावायचे, “परवाना माझ्या नावावर हाय, बाहेर कुटं बोलू नगं.” मी बोलले नाही. बघायला आलेल्या लोकांसमोरसुद्धा बोटं पदराखाली ठेवून बसले, कारण पितळ घासून घासून ती काळी पडली होती. एका बाईंनी विचारलंच, मुलगी भांडी घासते का हो? अप्पा व्हय म्हणाले.

तुझ्या सुवर्णपदकाचा सत्कार आठवतो? सात रस्त्याच्या पलीकडचा हॉल, अर्धं सोलापूर लोटलेलं. तू माईकवर म्हणालास, हे पदक माझं नाही, अप्पांच्या हातचं आहे, एकेक काडतूस त्यांनी स्वतः भरलंय. टाळ्या काय पडल्या! मग त्यांना वर बोलावून शाल घातली, नारळ दिला आणि तो नारळ त्यांच्या हातातून सुटला. घरंगळत पहिल्या रांगेपर्यंत आला. मी धावत जाऊन उचलला आणि वर नेऊन दिला, तर तू माझ्या काळ्या बोटांकडे आणि मग माझ्याकडे बघितलंस. बघितलंस ना? तेव्हा तुला कळलं होतं. आणि तू पुन्हा माईककडे वळलास. त्या क्षणापासून मला तुझा राग आहे, अण्णा. पदकाचा नाही, त्या वळण्याचा.

आता तुझ्या गोळ्या का विखुरतात ते सांगते. खंडेनवमीला तू पुण्यात काय केलंस? फोटो पाठवला होतास तू. चौरंगावर तुझी स्वतःची रायफल, काडतुसांचा डबा उघडा, प्रत्येक काडतुसावर विभूतीची तीन बोटं, कुंकू, वर समईचं तेल ओघळलेलं. अप्पा करायचे तशीच अगदी साग्रसंगीत पूजा. फक्त आपल्या घरी पूजा आटोपून तुम्ही पुरुषमाणसं जेवायला बसलात की मी तो डबा आत न्यायची आणि स्पिरिटच्या फडक्यानं एकेक काडतूस पुसायची. विभूती म्हणजे राख, अण्णा. ती नळीत गेली की घासते, तेलानं केस आत धड पकडत नाही, मग नेम कसा लागणार? अप्पांना हे ठाऊक होतं, पण देवाचं पूस म्हणायला त्यांची जीभ वळायची नाही आणि पुसू नको असंही म्हणवायचं नाही. मी पुसते हे त्यांना कळायचं, ते दुसरीकडे बघायचे. आपल्या घरात सगळ्यांना दुसरीकडे बघायची लई छान सवय आहे. जा, नळी साफ कर, उरलेली काडतुसं टाकून दे, नव्यानं भर. तुझा नेम परत येईल. या सांगण्याच्या बदल्यात मी तुझ्याकडून काही मागत नाही, सख्खा भाऊ आहेस.

एवढी काडतुसं भरली, पण त्यातलं एक कधी उडवू दिलं नाही मला कुणी. टेंभुर्णीच्या रस्त्याला क्लबाची रेंज, तू आडवा पडून नेम धरायचास, अप्पा शेजारी बसायचे आणि मी मागे गाडीत डबा मांडीवर घेऊन. एकदा हट्ट धरला तर अप्पा म्हणाले, “मॅग्नमचा धक्का पोरीला सोसायचा न्हाय. खांदा निखळंल, मग पत्करंल कोण?” तू हसलास. आता मी चौतीस वर्षांची आहे. खांदा शाबूत आहे आणि पत्करायला तसंही कुणी आलं नाही.

म्हणून हे पत्र. तू मागितलेली सही या पाकिटात नाही. अप्पांची रायफल पोलीस ठाण्यात जमा आहे, तिच्या परवान्यासाठी गेल्या आठवड्यात मी माझ्या नावानं अर्ज केलाय. काडतुसं भरायचा परवानाही माझ्याच नावानं मागितलाय. अप्पांची बायको म्हणून अव्वानं सही दिली. काही न विचारता दिली, आणि देताना म्हणाली, तुझ्या हातांचं मला माहीत होतं गं. तिच्यावरही रागावले मी, मग जेवायला वाढलं. आता वारस म्हणून तुझी ना हरकत तेवढी राहिली आहे. कागद सोबत जोडलाय, खाली सही कर आणि परत पाठव. लोक काय म्हणतील, बाईच्या जातीला मॅग्नम झेपेल का, असलं काही लिहू नकोस. खांदा निखळला तर माझा निखळेल.

तुझीच धाकटी बहीण,
महेश्वरी