विहंगची बातमी

बुलडाणा,
७ जुलै २०२५

चि. सौ. जयमाला हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला आता निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं ऐकण्यासारखं नसतं, म्हणून पत्र. शिवाय आयुष्य टपाल खात्यात घालवलं आहे.

तू लिहिलंस की विहंगच्या वर्गात रोज एका मुलाला परिपाठात बातमी सांगायला उभं करतात, हजेरीच्या क्रमाने. आणि तुझ्या नातवाचा नंबर आला की पुढच्याला बोलावतात. मुख्याध्यापक म्हणाले म्हणे की पोरगा स्वमग्न आहे, बोलत नाही, उगाच त्याला त्रास कशाला. त्रास कोणाला होतो ते मला चांगलं समजतं. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर हातावर पट्टी मारायच्या, पण हजेरीतलं एकही नाव त्यांनी कधी गाळलं नाही. मी त्या गृहस्थांना रजिस्टर पत्र पाठवलं आहे. गोड लिहिलेलं नाही.

नीळकंठला सांग, छातीत दुखतं ते पित्त नाही. डॉक्टरकडे जा म्हणावं, मोठ्या बहिणीचा हुकूम आहे.

लोभ आहेच, तो निम्मा माझ्या भावाला दे.
प्रतिमा

---

सुलतानपूर,
२१ जुलै २०२५

ती. प्रतिमाताईंना साष्टांग नमस्कार.

तुमच्या पत्राने काम केलं. विहंगला पंचवीस ऑगस्टचा सोमवार मिळाला. शेजारची भिमाबाई म्हणते, ताईच्या चिठ्ठीनं हेडमास्तरले घाम फुटला. आणि हे म्हणतात, तायडी रिटायर झाली तरी तिचं ठप्पे मारनं काही सुटलं नाही.

आता घरात दुसरा विषय नाही. सकाळी शाळेत सोडायला जाताना हे त्याच्याकडून बातमी म्हणून घेतात. आधी बातमी म्हणायचं, मग गावाचं नाव, मग काय झालं ते. आपल्या गल्लीतल्या खांबावर नवा दिवा लागला, ही बातमी ठरली आहे. सूनबाई म्हणाली की ही काय बातमी झाली? तर हे म्हणाले, खरी हाय अन् त्यानं डोळ्यानं पाह्यली हाय, अजून काय पाहिजे. परवा तो दिव्यापर्यंत पोचला. लागला मात्र म्हणाला नाही. हे तेवढ्यावरच दुकानातून पेढे घेऊन आले.

वर्गाच्या रेणुका मॅडम भल्या आहेत. मोठ्या आवाजाने विहंग कान दाबून खाली बसतो, म्हणून त्यांनी अख्ख्या शाळेला दोन बोटांनी टाळी वाजवायला शिकवलं. तो काहीही बोलला तरी अशीच टाळी वाजवायची, असं मुलांना सांगून ठेवलं आहे.

डॉक्टरकडे पोळा झाल्यावर जाऊ म्हणतात. तुम्हीच रागवा.

माया आहे तशी राहू द्यावी.
जयमाला

---

बुलडाणा,
१८ ऑगस्ट २०२५

जयमाला,

वर काय लिहावं ते सुचेना. सौ. लिहिताना हात थांबला, श्रीमती लिहायला तो तयार होईना. म्हणून नुसतं नाव लिहिलं.

नीळकंठचं तेरावं उरकून इथे आले त्याला चार दिवस झाले. रडणं वगैरे मला जमत नाही, तू पाहिलंसच. पण एका गोष्टीचा राग जात नाही, तो लिहिते. विहंगला तुम्ही काय सांगितलं? त्याचे आबा मेहकरकडे हिवरा आश्रमाला गेलेत, येतील. वैष्णवी आई आहे, तिची जीभ रेटली नाही हे मी समजू शकते. पण तो पोरगा दप्तर पाठीला लावून ओट्यावर बसतो, कोणी हात धरला की सोडवून घेतो, मेहकरकडून येणारी प्रत्येक एसटी थांबली की उतरणारी माणसं बघतो. शाळा बंद झाली आहे त्याची. ज्या मुलाला शब्द जसाच्या तसा कळतो त्याला तुम्ही खोटा शब्द दिला. त्याला सरळ सांगा. समजणार नाही असं ज्याला त्याला वाटतं. त्या मुख्याध्यापकांनाही तेच वाटत होतं.

रागावून लिहिलं. दुसरं काही हाताशी नाही.
तुझी
प्रतिमाताई

---

सुलतानपूर,
२५ ऑगस्ट २०२५

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं होतं. सांगायचं रोज ठरवत होते आणि रोज वैष्णवीच्या तोंडाकडे बघून गप्प बसत होते.

आज सकाळी विहंग आपणहून उठला. कॅलेंडरवर आजच्या तारखेभोवती ह्यांनी गोल करून ठेवला होता. अंघोळ करून, गणवेश घालून तो एकटाच निघाला. मी चार पावलं मागे राहून चालले.

ताई, स्टँडच्या चौकात ह्यांच्या मित्रांनी लावलेला श्रद्धांजलीचा बोर्ड अजून आहे. हा एवढा मोठा फोटो, एवढी मोठी अक्षरं. ज्याच्यापासून लपवलं त्याच्याच शाळेच्या वाटेवर तो टांगलेला, आणि आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही, कारण तो वाचतो हे ह्यांच्याशिवाय कोणी धरलंच नव्हतं. विहंग तिथे थांबला. एकेका अक्षराखाली हवेत बोट फिरवत त्याने सगळा बोर्ड वाचला. मी हाक मारली नाही. माझ्याने झालं नाही.

परिपाठात त्याचं नाव घेतलं. तो पुढे गेला. मी फाटकाजवळ उभी होते. दिव्याची बातमी त्याने सांगितली नाही. बातमी म्हणाला, सुलतानपूर म्हणाला. नीळकंठराव यांचे दुःखद निधन झाले म्हणाला. आणि म्हणाला की ते हिवरा आश्रमाला गेले नाहीत. स्वच्छ, न अडखळता. इतकं एका दमात तो जन्मात बोलला नव्हता.

आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. दोन बोटांनी, शिकवलं होतं तसं, सगळ्या शाळेने. रेणुका मॅडम एका हाताने डोळे पुसत होत्या आणि दुसऱ्या हाताने मुलांना थांबा म्हणून खुणावत होत्या, पण लहान मुलं बघेनात. तो फार छान बोलला एवढंच त्यांना कळलं. विहंगने कान दाबले नाहीत. टाळ्या संपेपर्यंत उभा राहिला आणि रांगेत आपल्या जागेवर जाऊन बसला.

हे असते तर त्यांनी काय केलं असतं, ताई? मला सांगा.

जमेल तेव्हा लिहा.
जयमाला

---

बुलडाणा,
३० ऑगस्ट २०२५

प्रिय जयमाला,

त्या मुलांवर रागावू नकोस. मॅडमवरही नको. मीही रागावलेले नाही, ही बातमी गल्लीत सांगितलीस तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

नीळकंठने काय केलं असतं विचारतेस. दुकानात गेला असता आणि पेढे मागता मागता तिथेच बसला असता. दुसरं मला सुचत नाही.

विहंग आता शाळेत कोणाबरोबर जातो ते लिही. एकटा जात असेल तर मागून चाल, हात धरू नकोस. पुढची बातमी काय सांगायची ते त्यालाच ठरवू दे, मुख्याध्यापकांना मी पुन्हा लिहीन.

एक तुलाच सांगते. तेराव्याहून परतले तेव्हा शेजारच्या अनुपमाबाईंनी भावाची तब्येत विचारली होती. आता बरं आहे, असं मी म्हणाले होते. का, ते मला विचारू नकोस. रोज जिन्यात त्या विचारायच्या आणि रोज मी तेच म्हणायची. तुझं पत्र वाचलं आणि त्यांचं दार वाजवलं. माझा भाऊ वारला, असं म्हणाले. त्या काहीतरी बोलत होत्या, पण मला ऐकू येत नव्हतं. मग त्यांनी बोलणं सोडलं आणि माझा हात धरून उभ्या राहिल्या.

बराच वेळ मी तो सोडवून घेतला नाही.

प्रतिमाताई