दही-साखरेची दुसरी वाटी

आई,

तुम्ही देवळातून याल तोवर मी परीक्षेला गेलेली असेन. आज विमानतळ व्यवस्थापनाचा पेपर आहे. भात कुकरमध्ये आहे, वरण तेवढं गरम करा. बीपीची गोळी विसरू नका.

विनयची पुस्तकं तुमच्या पेटीतून न विचारता घेतली, रागावू नका. लग्नानंतर या दूरशिक्षणाला त्यानेच आम्हा दोघांची नावं घातली होती. तो गेल्यावर त्याच्या पेन्सिलीच्या खुणांवरच मी अभ्यास करून राहिली.

सकाळी काहून कोण जाणे, दही-साखर दोन वाट्यांत कालवली. हाताला अजून माहीत नाही. माझी खाल्ली. त्याची ओट्यावर झाकून ठेवली आहे. मला टाकवली नाही. तुम्हाला खाववली तर खा.

हेमलता