वावरात आणून ठेवलेला दगड

ती. धुरपताआत्यांना अणदूरहून शिवगंगाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

"एक दगूड म्हंजी देव, तीन दगूड म्हंजी चूल, आन लई दगूड म्हंजी कालपस्तोर घर." भूकंपानंतर सास्तूरला, पडलेल्या भिंतीतले तीन दगड मांडून तुम्ही भाकरी थापत होतात, तेव्हा हे म्हणाला होतात. मी लहान होते, माझं सगळं लक्ष भाकरीकडं होतं. तरी वाक्य मनात राहिलं ते राहिलंच. सध्या ते रोज आठवतं, त्याचं कारण पुढं येईल. आधी सांगा, गुडघा कसा आहे? तेल लावता, की बाटली फडताळात ठेवून सुनेची समजूत घालता? फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही अर्ध्या वाक्यात "न्हाय" म्हणून ठेवून देता. पत्र निदान शेवटपर्यंत वाचाल.

तर मी मोबाइलवरून एक कोर्स करते आहे. गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत जगभरच्या चित्रकारांनी काय काय केलं, असा विषय आहे. (आमच्या सारजाबाई, म्हणजे सासूबाई, सगळ्यांना सांगतात की सून शिवणकाम शिकायलीय. मी खोडून काढत नाही.) आत्या, या लोकांनी फार विचित्र आणि फार मजेशीर गोष्टी केल्या आहेत. काहींनी कापड जमिनीवर अंथरून त्यावर उभ्यानं रंग शिंपडला. मी चादरीवर करून पाहिलं, तर सासूबाई म्हणाल्या, "सडाच टाकायचाय तर शेणाचा टाक, अंगण तरी बसंल." काहींनी दुकानातले डबे-बाटल्या जशाच्या तशा रंगवल्या. काहींना वाटलं, जितकं कमी तितकं चांगलं. म्हणून मी पुढची खोली रिकामी करून मधोमध फक्त ट्रंक ठेवली आणि बघत बसले. खरं सांगते, ती ट्रंक मी लग्नात आणली, पण तिला मी कधी पाहिलंच नव्हतं असं वाटलं. तेवढ्यात शेजारची लक्ष्मम्मा दारातून म्हणाली, "रंग द्यायलाव का घराला?" आणि ट्रंकेवर बसली. चहा होईस्तोवर उठली नाही.

मग आली जमिनीवरची कला. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची ही चळवळ; जागेवर सापडेल त्या माती-दगडातून काहीतरी उभं करायचं, फोटो काढायचा आणि जागा पुन्हा होती तशी करून द्यायची. ती तशी केल्याचा फोटो पाठवला तरच सर पास करणार. आपण जन्मभर वावरातले दगड वेचून बांधावर टाकतो. तेच उलटे वावरात नेऊन ठेवले तर त्यांचं काय होतं, एवढंच मला बघायचं होतं. बांधावरचे दगड आणून गोल मांडला, मध्ये एक मोठा ठेवला. आमचे हे, म्हणजे बिभीषणराव, बघून म्हणाले, "लोक दगूड भाईर टाकत्यात, तू आत आणायलीस व्हय?" मी म्हटलं, चार दिवसांत उचलते.

चार दिवसांच्या आत रविवार आला. मधल्या दगडावर कुणीतरी भंडारा उधळून गेलं. (खंडोबाचं गाव, रविवार, आणि गोलात बसलेला एकटा दगड. चूक माझीच.) सोमवारी दुसऱ्या कुणीतरी त्याला म्हसोबा ठरवून शेंदूर लावला. आता तो अर्धा पिवळा, अर्धा तांबडा आहे आणि आमच्या गल्लीत दोन पक्ष पडले आहेत. अमावस्येला नारळ फुटला. लक्ष्मम्माची हरवलेली म्हैस त्याच संध्याकाळी आपली आपण परत आली, तेव्हापासून लक्ष्मम्मा तिथं अनवाणी जाते. सरांना फोटो पाठवला, तर त्यांनी उलट लिहिलं की पिवळ्या रंगाची निवड धाडसी आहे.

पण ज्वारीची पेरणी तोंडावर आलीय, आत्या. वाफसा, पेरणीजोगी ओल, निघून चाललाय. ट्रॅक्टरवाला गोलाच्या आत चाक घालायला तयार नाही. हे दगडाला हात लावत नाहीत आणि माझ्याशी चहापुरतंच बोलतात. सासूबाईंना म्हटलं तुम्ही उचला, तर म्हणाल्या, "म्या कशाला? तूच आणलायस, तूच बोल त्याच्यासंगं."

म्हणून काल भल्या सकाळी मीच उचलायला गेले. मीच बांधावरून ढकलत आणलेला दगड. गोलापाशी पोचले आणि बघते तर मी चप्पल काढून उभी होते. ती कधी काढली ते मलाही कळलं नाही. दगडाला हात न लावता तशीच परत आले. वस्तूची कला कधी होते, असा एक मोठा धडा आमच्या पुस्तकात आहे. दगडाचा देव कधी होतो, ते त्यात नाही. ते तुम्ही सांगितलं होतं.

बाकी सर्व ठीक. सुनेला आशीर्वाद सांगा.

तुमची,
शिवगंगा

ता. क. : बाकी सर्व ठीक नाही. तुम्ही अणदूरला या. तो मधला दगड आणि गोलातले कुठलेही दोन घ्या, चूल मांडा आणि त्यावर एक भाकरी भाजा. काजळी धरलेल्या दगडाला मग कुणी देव म्हणणार नाही. तुमचाच हिशेब आहे. मी पेटवली तर लोक म्हणतील, हीसुद्धा कोर्सातलीच गंमत. तुम्ही पेटवली तर ती चूल होईल.

ता. क. दुसरा : मला माहीत आहे, भूकंपाच्या त्या वर्षानंतर तुम्ही तीन दगडांपुढं बसलेल्या नाहीत. हुरड्याला सगळे आगटीभोवती असतात आणि तुम्ही लांब बांधावर उभ्यानं खाता. का, ते मी कधी विचारलं नाही. त्यामुळं तुम्ही नाहीच म्हणणार. पण ते फोनवर म्हणू नका. पीठ चाळून ठेवलंय. इथं येऊन, त्या दगडासमोर माझ्याशेजारी उभं राहून न्हाय म्हणा.