गेल्लीच्या रानात माझी राख नको

मी, एलिनेद प्रॉसर, वय एकोणऐंशी, कै. गेथिन प्रॉसर यांची पत्नी, राहणार पेंत्रे गेल्ली, वेल्स, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. ज्यांना शंका असेल त्यांनी येऊन वाद घालून पाहावा. ही सवलत मी जिवंत असेपर्यंतच आहे. माझी आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव आणणारे आले, चहा पिऊन गेले.

१. राहते घर विकावे. ती रक्कम आणि बँकेतली शिल्लक, दगडाच्या धुळीने फुप्फुसे गेलेल्या खाणकामगारांच्या मदतनिधीला द्यावी. उभे आयुष्य मी खाणीच्या फाटकावर त्यांच्यासाठी घसा फोडला. मालकांनी कानांत बोळे घातले होते, ते त्यांच्याबरोबर पुरले गेले असतील.

२. पुस्तके गावच्या वाचनालयाला. ते बंद करण्याच्या ठरावावर ज्यांनी हात वर केले, त्यांना त्यातले एकही देऊ नये. त्यांची न वाचण्याची सवय मोडेल.

३. माझा पुतण्या, कौन्सिलर तेव्हियॉन, यास त्याच्याच लग्नाचा फ्रेम केलेला फोटो परत करावा. त्यात तो आणि त्याची नवरी माझ्या रानात, कोकिळेच्या घंटांवर आडवे पसरले आहेत. मे महिन्यात ओकच्या झाडांखाली जमीन दिसेनाशी करणारी ही निळी फुले, इंग्रजांची ब्लूबेल. मी ओरडत धावले, तेव्हा नवरदेव म्हणाला, "काकू, फुलंच तर आहेत! पुढच्या वर्षी येतील की."

आली नाहीत. फूल तुडवले तर फूल जाते; पान तुडवले तर खालचा कांदा उपाशी मरतो. दोन माणसे, एक फोटोग्राफर आणि त्याची शिडी यांच्या आकाराचा टक्कल पडलेला तुकडा तिथे अजून आहे. त्या लग्नाचा घटस्फोटही होऊन गेला.

आता हा गृहस्थ म्हणतो, रानाचे 'स्मृतिवन' करू. लोक आपापल्या माणसांची राख आणून फुलांत टाकतील, वर पैसेही देतील. आमच्या चॅपलचे पाद्री, रेव्हरंड पॅरी, त्याच्यासोबत आले होते. म्हणाले, "चिमूटभर राखेनं काय होतंय, बाई?"

"तीन किलो भरते, पाद्रीबुवा. कधी उचललीत का?"

"मातीच मातीला मिळते ना शेवटी!"

"राख आहे ती. खारी असते. जिथं पडेल तिथं कांदा जाळते. तुमच्या घरच्या लॉनवर टाका की सगळ्यांची!"

त्यांना लॉनची काळजी वाटलेली मी पाहिली.

४. गेल्लीचे रान, कुंपणासह, पोस्टमन नेस्ट प्यू हिला द्यावे. ती माझी कोणी नाही. खाणीच्या संपात तिचा बाप संप फोडून काम करायला आत गेला होता. मी त्याला फाटकावर जे बोलले, ते तिला पाठ आहे. रानातून आले तर माझे दार जवळ पडते. तेव्हियॉन तिथूनच येतो, पाद्रीही. नेस्ट मात्र एप्रिल-मेमध्ये पावसातही ओढ्याला वळसा घालून येते. एकदा मी विचारले, "का गं, आतून का येत नाहीस? माझा राग?"

"राग आहेच. पण आतून यायला जागा कुठाय, बाई? पाय कुठं टाकू?"

एवढी साधी गोष्ट दोन शिकलेल्या पुरुषांच्या डोक्यात शिरली नाही. गेथिनचा कोयताही तिलाच. फांद्या हिवाळ्यात छाटाव्यात.

५. माझ्या देहाविषयी. गेथिनची शेवटची इच्छा मी मोडली, हे गावभर झाले आहे. आता खरे काय ते ऐका. तो म्हणाला होता, "माझी राख रानातल्या मोठ्या ओकाखाली टाक."

"नाही."

"अगं, बायको आहेस की वनखातं?" खोकला येईपर्यंत हसला. "बरं, चॅपलमागे पुर. पण तिथं एकटा नाही हं पडणार. त्या पाद्र्यांच्या रांगेत तूही यायचंस."

"येईन."

चॅपलचा उंबरा न ओलांडण्याचे मी भर सभेत जाहीर केले होते, टाळ्याही घेतल्या होत्या. तरी मला तिथेच, त्याच्या शेजारी पुरावे. जाळू नये. माझी म्हणून चिमूटभरही राख शिल्लक राहिली तर तेव्हियॉन ती घेऊन रानात शिरेल, आणि मग कोणाला कोणत्या तोंडाने अडवणार? रेव्हरंड पॅरींनी किटली उकळेपर्यंतच बोलावे. मी फुलांच्या दिवसांत गेले, तर पेटी ओढ्याला वळसा घालून न्यावी. जड लागेल. लागू द्या.

सही: एलिनेद प्रॉसर

आम्हा दोघांच्या देखत सही केली; आम्हाला यातले काहीही मिळणार नाही, हे बाईंनी दोनदा ऐकवले:
मॅडॉक हॉवेल, दूधवाला
हेलेद बेवन, निवृत्त परिचारिका

पेंत्रे गेल्ली, ९ मे २०१७. रान फुलले आहे. खिडकीतून पाहिले.