डावखुरी पलटण

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (रागात घातलेला आहे, पण घातलेला आहे, याची नोंद घ्यावी.) तुमचा गुडघा, वहिनींचा रक्तदाब आणि गच्चीवरचं ते कुंडीतलं लिंबाचं झाड, तिघांची प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. इकडे आमच्या प्रकृती ठणठणीत आहेत. अब्रू तेवढी गेली. ती तुमच्यामुळे गेली, आणि हे तुम्हाला तोंडावर सांगायची माझी छाती नाही म्हणून पत्र लिहितो आहे.

गेल्या वर्षी तुम्ही मला एक फोटो दिलात. सैन्यात असताना ज्या आडबाजूच्या स्टेशनावर तुम्ही तीन वर्षं काढलीत, तिथला. फलाटाला लागलेली मालगाडी, तिच्या सपाट वाघिणींवर, म्हणजे उघड्या डब्यांवर, साखळदंडांनी जखडलेले सहा रणगाडे, आणि साहेबाला सॅल्यूट ठोकणारे तेवीस जवान. त्यावरून मी ते अख्खं स्टेशन बहात्तर पटींनी लहान करून आमच्या जेवणाच्या टेबलावर उभं केलं. चौदा महिने लागले. चौदा महिने आम्ही दोघं मांडीवर ताट घेऊन जेवतो आहोत. रुळांखालचे सहाशे बारा स्लीपर मी आइस्क्रीमच्या काड्यांतून कापले (आइस्क्रीमही मीच खाल्लं, त्यागाला सीमा नसते). खडी हिच्या पिठाच्या चाळणीने चाळली. रणगाड्यांचे साखळदंड हिच्या तुटलेल्या खोट्या गळसरीचे आहेत, आणि ती तुटलेली नव्हती असं तिचं म्हणणं आहे. हे सगळं कोणासाठी? तुमचं स्टेशन म्हणून. आणि येत्या रविवारी आमच्या प्रतिकृती करणाऱ्यांच्या मंडळाचं प्रदर्शन आहे, बघायला या, असं कळवलं तर तुम्ही वहिनींकरवी काय निरोप पाठवलात? "खेळण्यातली गाडी बघायला चार तास बसमध्ये कोण बसणार?" खेळण्यातली! दादा, खेळणं चावी दिली की चालतं. माझी गाडी जागची हलत नाही.

कष्ट कमी पडले म्हणून की काय, मध्ये माझी मेहुणी आठ दिवस राहायला आली. रणगाड्यांवर मी विटेची पूड आणि काजळी मिसळून, एका केसाच्या कुंचल्याने, तीन आठवडे धूळ रंगवली होती. लढाईवरून आलेला रणगाडा धुळीचाच असतो, हे शेंबड्या पोरालाही कळेल. मी डोळे तपासायला गेलो होतो तेवढ्यात या बाईंनी ओलं फडकं घेऊन सहाच्या सहा रणगाडे लख्ख पुसले. वर मलाच ऐकवलं, "भावजी, किती हो धूळ साचू देता!" मी पुन्हा विटेची पूड कालवायला घेतली. बोललो असतो तर ही माहेरी गेली असती, आणि चाळणी बरोबर घेऊन गेली असती.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या फोटोतले तेवीसही जवान डाव्या हाताने सॅल्यूट करताहेत. मला जरा चमत्कारिक वाटलं होतं, पण म्हटलं, लष्कराचं लष्कराला ठाऊक, आपण नळांचे नकाशे काढणारी माणसं. पंचाईत अशी की बाजारात मिळणारे प्लास्टिकचे जवान उजव्या हाताने सॅल्यूट करतात. कारखानदार अडाणी आहे असं मी ठरवलं, आणि ब्लेडने तेवीस जवानांचे दोन्ही हात खांद्यापासून कापले. सेहेचाळीस हात, दादा! बशीत काढून ठेवले होते, ती बशी हिने पुन्हा चहाला घेतली नाही. मग डावे वळवून कपाळाशी आणि उजवे सरळ करून मांडीशी, असे चिमट्याने एकेक करून चिकटवले. ही तेव्हाच म्हणाली होती, "अहो, सगळेच्या सगळे डावखुरे कसे असतील? एकदा कपाटातून फोटो काढून बघा की." मी तिला सांगितलं की एकतीस वर्षं ज्याने पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढले, त्याला एकदा काढलेली आकृती पुन्हा ताडून बघावी लागत नाही. फोटो खराब होऊ नये म्हणून मी पहिल्याच दिवशी पारदर्शक कागदावर त्याचं ट्रेसिंग काढलं, झेरॉक्सवाल्याकडून ते मोठं करून घेतलं, आणि फोटो कपाटात घराच्या कागदपत्रांत ठेवून दिला. याला पद्धत म्हणतात.

काल मंडळाचे परीक्षक निवड करायला घरी आले. परीक्षक म्हणजे कोपऱ्यावरचा घड्याळजी. माणूस मितभाषी, एका डोळ्याला कायम भिंग. अकरा मिनिटं तो माझ्या टेबलाभोवती वाकून फिरला. शेवटी भिंग काढून तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, काम फार बारीक आहे. पण तुमची पलटण डावखुरी आहे का?" माझ्याकडे फोटोचा पुरावा आहे, असं मी म्हणालो. तो म्हणाला, "मग पुरावा उलटा छापलाय. सिग्नलही उलट्या बाजूला आहे." चूक असलेलं काम नियमाप्रमाणे मागच्या दालनात, काड्यापेट्यांच्या बंगल्यांशेजारी ठेवतात. आता सगळ्या मंडळात मला "डावखुऱ्या पलटणीचे कर्नल" म्हणताहेत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि तेही तेवीस हात!

तेव्हा मला एवढंच विचारायचं आहे: ज्याने तो फोटो उलटा छापला त्या फोटोवाल्याचं एक सोडा, पण तुम्ही इतकी वर्षं तो जपून ठेवलात, धाकट्या भावाला दिलात, आणि आपण कुठल्या हाताने सॅल्यूट करत होतो हे तुम्हाला एकदाही आठवलं नाही? जन्मभर तुम्ही मला वेंधळा म्हणत आलात. आता वेंधळा कोण, ते तुम्हीच ठरवा. मी मोठ्यांना उलट बोलत नाही.

वहिनींना नमस्कार.

आपला (नाइलाजाने) धाकटा भाऊ

ता. क. प्रत्यक्ष तिथे असलेल्या माणसाने लेखी दिलं तर मांडणी पुढच्या दालनात ठेवू, असं घड्याळजी म्हणाला आहे. तरी उलट टपाली दोन ओळी पाठवाव्यात, की त्या दिवशी सर्व जवानांना उजव्या दंडात लस टोचली होती, दंड सुजले होते, आणि साहेबांनी डाव्या हाताची परवानगी दिली होती. खाली सही आणि हुद्दा. हुद्दा ठळक.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करायच्या आत हिने कपाट उघडून फोटो माझ्यापुढे आणून ठेवला. सगळे उजव्या हाताने सॅल्यूट करताहेत. सिग्नलही जागच्या जागी आहे. झेरॉक्सवाल्याला मीच ट्रेसिंग पालथं दिलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणायचं असेल तर म्हणा. ही आता विचारते आहे की एकतीस वर्षांत कुठल्या कुठल्या गावांचं पाणी उलटं गेलं. वरचं सगळं पत्र रद्द समजावं. (लशीचं मात्र पाठवावं.)

ता. क. तिसरा. लशीचंही राहू द्या. चौदा महिन्यांनी फोटो नीट पाहिला. ट्रेसिंग काढलं तेव्हा माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. शेवटच्या वाघिणीपाशी मला पोत्यांचा ढीग दिसला होता, आणि मी दहा पोती शिवून, वाळू भरून तिथे रचली होती. ती पोती नाहीत, दादा. वाघिणीला टेकून तुम्ही उभे आहात. सगळं जग सॅल्यूट करतंय आणि तुम्ही कॅमेऱ्याकडे बघून हसताय. वय वीस-एकवीस असेल. मला फार वाईट वाटलं. पोती मी आत्ता उपटून काढली आहेत आणि एक जादा जवान बाजूला ठेवला आहे, पण टेकायचं कसं, भार कुठल्या पायावर, ते फोटोत कळत नाही. शुक्रवारच्या बसने या. पाच मिनिटं दाराच्या चौकटीला टेकून उभे राहा, गुडघा दुखला तर खुर्ची देतो. पुढच्या दालनात ठेवोत नाहीतर मागच्या, तुम्ही नसलेलं तुमचं स्टेशन मी कोणाला दाखवणार नाही.