कॉलरवरची मिल्डा

कुल्दीगा, २७ डिसेंबर २०१३

प्रिय सार्मीते,

'प्रिय' लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. दोन कागद फाडले. तिसऱ्यावर हात पुन्हा तेच लिहून गेला, तर राहू दे.

काल तू आलीस तेव्हा आई म्हणाली, इंगुस घरात नाही. होतो. मागच्या खोलीत मधाच्या बरण्या पुसत उभा होतो. तू रुमालात गुंडाळलेली मिल्डा, आजोबांच्या नाण्याची ती पिन, टेबलावर ठेवलीस, "काकू, तुमच्या घरातली आहे, तुमच्या घरात राहू दे," म्हणालीस, तेही ऐकलं. तू गेल्यावर आई माझ्यावर कडाडली, "रेडा कुठला! एवढी मोठी जीभ आहे ना बाजारात ओरडायला, मग आता काय झालं होतं बाहेर यायला?"

मला काय झालं होतं ते तुला ठाऊक आहे. पाच लाट्सचं ते चांदीचं नाणं आजोबांनी पन्नास वर्षं मधमाश्यांच्या पेटीच्या तळाशी लपवलं होतं. रशियन शिपायांनी सगळं घर उपसलं, पण पेटीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. देश नव्हता तेव्हा आमचा देश त्या पेटीत होता. आईच्या लग्नात नाण्याला मागून पिन जोडून घेतली आणि नाण्यावरची ती वेणीवाली पोरगी, आपली मिल्डा, पहिल्यांदा उजेडात मिरवली. या जूनमध्ये, यानिच्या उन्हाळी सणाला, डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट सांभाळत मी ती तुझ्या कॉलरला लावली. तू म्हणालीस, "वाकडी लागली रे." मी काढून पुन्हा लावली.

तोवर आपण एका बाजूचे होतो, निदान मला तसं वाटत होतं. नव्या वर्षापासून लाट्स जाऊन येणारा युरो नको, आधी लोकांना विचारा, म्हणून त्याआधी अख्खा मार्च आपण चौकात सह्या गोळा केल्या. त्यापायी मी येल्गावाचं कॉलेज सोडलं. वेल्टा मावशीनं मासे विकता विकताच, धुरावलेल्या माशांचा वास असलेल्या हातानं सही ठोकली आणि म्हणाली, "माझ्या एका लाट्सला त्यांचे जवळजवळ दीड युरो येतात. मग मी का खालच्या पायरीवर उतरू?" तू किती हसली होतीस! सह्या कमी पडल्या त्या दिवशी तुझेही डोळे ओले होते. आता वाटतं, थंडीनं असतील.

कारण नोव्हेंबरात त्याच चौकात, युरोच्या सरकारी माहितीच्या टेबलामागे, तू. आणि कॉलरवर माझी मिल्डा. तीच दाखवून मावशीला समजावत होतीस, "घाबरू नका हो, हीच येणार आहे नव्या नाण्यावर. बघा, हीच!" मावशी म्हणाली, "नाणी वाढतील गं पोरी, मासा तेवढाच राहील." सगळे हसले. तूही हसलीस, मार्चमध्ये हसली होतीस तशीच. माझं डोकं फिरलं ते त्या हसण्यानं. मी टेबल उलथलं. प्लास्टिकची नमुन्याची नाणी चिखलात गेली. "विकली गेलीस!" असं भर बाजारात ओरडलो.

तू चिखलात बसून नाणी वेचत राहिलीस. मान वर न करता म्हणालीस, "लाट्सचा भाव कधीचाच युरोला बांधलाय, इंगुस. आपण नुसतं नाव धरून बसलोय. नाणं बदललं म्हणून देश जात नाही रे, पोरं गेली की जातो. वर्गात आपण एकतीस होतो. मोज आता किती उरलो."

मग मार्चमध्ये माझ्याबरोबर कशाला गारठत उभी राहिलीस? आई म्हणते, "तुझ्यासाठी, खुळ्या." हे मला जास्त लागलं. महिनाभर माझ्या शेजारी उभी होतीस, पण माझ्या बाजूनं नव्हतीस. तोंडावर भांडली असतीस तर चाललं असतं.

मी मोजले, सार्मीते. एकोणीस परदेशी गेलेत. विसावा मी. टेबल उलथलं त्या दिवशी आयर्लंडचं तिकीट माझ्या आतल्या खिशात होतं, आठ दिवस आधी काढलेलं. मेव्हण्यानं आळिंबीच्या शेडमध्ये काम बघितलंय. पगार युरोत. तेच तुला सांगायला मी चौकात आलो होतो, शब्द जुळवत, घाबरत. तुला टेबलामागे पाहिलं आणि खरं सांगू, आधी सुटल्यासारखं वाटलं. आता दगा तुझा झाला, माझा नाही. ओरडलो ते नंतर. परवा निघतोय. मिल्डा मी नेत नाही, ती रुमालासकट आईजवळ आहे. मी ती कधीच परत मागितली नव्हती, वाटलं तर आईकडून घेऊन जा. नव्या वर्षात बाजार उघडेल तेव्हा वेल्टा मावशीला नवी नाणी ओळखायला मदत कर, तिला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि ती चष्मा लावत नाही. त्या दिवशी तुझ्या कॉलरवर मिल्डा असली, तर आई मला फोनवर सांगेल. नसली तर ती हवापाण्याचं बोलेल, आणि मी काही विचारणार नाही.

त्या दिवशी नाणी उचलायला न वाकलेला,
तुझाच
इंगुस